‘२५–७५×७०’ असं छापलेला स्पॉटिंग स्कोप आणि गेलेले १३,३९० रुपये

जुन्या सामानाच्या ऑनलाइन जाहिरातीतून स्पॉटिंग स्कोप, म्हणजे नेमबाजीत लांबच्या टार्गेटवरची भोकं बघायची एकनळी दुर्बीण, घेणार असाल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. बुकिंगचे २,०००, मग उरलेले ९,५००, ‘विम्यासह कुरिअर’ म्हणून ६५०, आणि माल खोटा निघाल्यावर ‘बदलून देतो, परत नेण्याचा खर्च आधी भरा’ म्हणून १,२४०. एकूण १३,३९० रुपये, सगळे यूपीआयने. शेवटचे १,२४० सर्वांत जास्त सलतात, कारण ते माल हातात आल्यानंतर गेले. परत न्यायला कोणी आलं नाही आणि नंबर बंद झाला. असे प्रकार कसे चालतात ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे तो भाग लांबवत नाही. खरी फसवणूक नळीच्या आत होती.

जाहिरातीत लिहिलं होतं: २५–७५×७० (म्हणजे २५ ते ७५ पट मोठं दाखवणारा, पुढचं भिंग ७० मिलिमीटरचं), फुल्ली मल्टिकोटेड (सगळ्या भिंगांवर चकाकी मारणारे थर), बाक-४ काचेचा प्रिझम, ४५ अंशांत वळलेला आयपीस (डोळ्याकडचं भिंग), दोनदाच वापरलेला. फोटो आठ. पाचव्या फोटोत नळीवरची पट्टी स्वच्छ वाचता येत होती: ‘५२ मी./१००० मी.’ ही पट्टी वाचली त्याच क्षणी व्यवहार थांबवायला हवा होता. हिशेब एका ओळीचा आहे आणि तो मला येतो, याचीच जास्त चीड येते. १००० मीटरवर दिसणाऱ्या रुंदीला १७.५ ने भागलं की दृश्यक्षेत्र अंशांत मिळतं. ५२ भागिले १७.५ म्हणजे जवळपास ३ अंश. त्याला २५ ने गुणलं की ७४ अंश. स्वस्त झूम आयपीसमध्ये सर्वांत कमी पटीला डोळ्यासमोरचं वर्तुळ साधारण ४० ते ४५ अंशांचं असतं; ७४ कुठून येणार? उलटं मांडा: ४२ भागिले ३, म्हणजे खरी पट १४. शिवाय झूम स्कोपवर रुंदीचे दोन आकडे हवेत, कमी पटीचा मोठा आणि जास्त पटीचा लहान. इथे एकच होता. ५० मीटरवरच्या भिंतीला टेप लावून मोजलं, तर वर्तुळात बरोबर २.६ मीटर भिंत दिसली. म्हणजे पट्टीवरचा तो आकडा खरा होता. खोटा होता तो मोठ्या अक्षरातला २५–७५.

७० सुद्धा खोटेच. पुढचं भिंग ७० मिलिमीटरचं आहे, पण टॉर्च मारून आत पाहिलं की भिंगामागे थोड्या अंतरावर काळ्या प्लास्टिकची चकती दिसते आणि तिच्या मधोमध लहान भोक. भिंगाच्या कडेचा खराब भाग झाकायचा हा स्वस्त मार्ग. खरा व्यास घरी काढता येतो. झूम सर्वांत कमी पटीवर ठेवा, स्कोप उजेडाकडे करा आणि आयपीसमागे ट्रेसिंग पेपर पुढेमागे करत प्रकाशाचा ठिपका सर्वांत धारदार कुठे होतो ते बघा. तो ठिपका मोजा आणि खऱ्या पटीने गुणा. इथे ठिपका ३ मिलिमीटर भरला. १४ गुणिले ३, म्हणजे ४२. पैसे ७० चे, भिंग ४२ चं. झूम टोकाला नेला की ठिपका जेमतेम १ मिलिमीटर उरतो आणि चित्र काळवंडतं.

‘तुला एवढं कळतं, मग फसलास कसा?’ असं दोघांनी विचारलं. विक्रेत्याने व्हिडिओ पाठवला होता. त्यात लांबची पाण्याची टाकी लख्ख दिसत होती, आणि चांगल्या उजेडात टाकी कोणत्याही भिंगातून लख्खच दिसते. व्हिडिओ मागायचा तर काळ्या कार्डावरच्या ५.६ मिलिमीटर भोकाचा मागा, ५० मीटरवरून, आधी कमी पटीवर आणि मग सर्वांत जास्त पटीवर, मध्ये न तोडता.

पॉइंट टू-टूचं, म्हणजे .२२ रायफलच्या ५.६ मिलिमीटर गोळीचं, भोक पांढऱ्या कागदावर १४ पटीलाही दिसतं. अडतं ते काळ्यात. ५० मीटर रायफलच्या टार्गेटवर काळा भाग ११२.४ मिलिमीटरचा आणि दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे तुमचे चांगले शॉट सगळे काळ्यातच. तिथे नुसती पट कामाची नाही, कॉन्ट्रास्ट लागतो, आणि कोटिंग नसलेल्या भिंगांतून तो धुऊन जातो. आयपीससमोर दिवा धरून प्रतिबिंबं बघा. हिरवी, जांभळी दिसली तर कोटिंग आहे. पांढरंफटक प्रतिबिंब म्हणजे तो पृष्ठभाग कोरा. समोरचं भिंग लालभडक चमकत असेल तर हातच लावू नका.

५० मीटरच्या पेपर टार्गेटसाठी खरे २० ते २५ पट आणि खरे ६० मिलिमीटर पुरतात. फिक्स्ड, म्हणजे एकाच पटीचा, आयपीस मिळाला तर स्वस्तात तोच बरा. ३०० मीटरला ७.६२ मिलिमीटर गोळीची भोकं बघायची तर ४० पटीच्या आसपास जावं लागतं, आणि दुपारच्या मिराजमध्ये, म्हणजे तापलेल्या हवेच्या थरथरीत, तेवढीही पट वापरता येत नाही. ७५ पट हा आकडाच आमिष आहे. प्रोनसाठी, म्हणजे पालथं झोपून नेम धरायला, ४५ अंशांचा आयपीस घ्या. सरळ नळीत बघायला मान हलवावी लागते आणि खांद्याला टेकवलेला रायफलचा बट (मागचा दस्ता) सुटतो. चष्मा असेल तर आय रिलीफ, म्हणजे आयपीसपासून डोळा ठेवायचं अंतर, १५ मिलिमीटरच्या खाली नको. आणि बजेट ठरवताना बुटक्या स्टँडचे पैसे आधी बाजूला काढा, डळमळत्या ट्रायपॉडवर चांगला स्कोपही फुकट जातो.

आता तक्रारीचं. बँकेत उत्तर मिळालं, ‘पिन तुम्हीच टाकलात.’ हो, टाकला, पण कुठल्या मालासाठी? पोलीस ठाण्यात पहिली वीस मिनिटं शस्त्र परवान्यावर गेली. स्पॉटिंग स्कोप रायफलवर चढतच नाही, बाजूला स्टँडवर राहतो, हे तीनदा सांगितलं, फोटो दाखवला. मग ऐकायला मिळालं की वस्तू तर आली आहे, हा दिवाणी वाद. ट्रेसिंग पेपरवरचा ठिपका दाखवला तर साहेबांनी तो बघितलासुद्धा नाही. दुसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पोच मिळायला तिसरी खेप. ज्या साइटवर जाहिरात होती तिथे तक्रार केली, तर ‘आम्ही फक्त दोघांना जोडतो’. सत्तर लिहून बेचाळीस देणं हा गुन्हा वाटावा असा एक माणूस या साखळीत भेटला नाही. वजनकाट्यात एवढी मारली असती तर दुकान बंद केलं असतं!

तरीही तक्रार करा, आणि पैसे गेल्याचं कळताच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधीच काही रोखता येतात. चॅट पुसू नका. खोका उघडतानाचा व्हिडिओ कुरिअरच्या चिठ्ठीपासून सुरू करा. विक्रेत्याच्या त्याच नावावर आणखी जाहिराती असतील तर त्यांचे स्क्रीनशॉट घ्या, तो घरातली एखादी जुनी वस्तू विकणारा नसून धंदा करणारा आहे हे त्यातून दिसतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगातच तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत दोन वर्षं. माझी तक्रार गेली आहे.

तीच जाहिरात परवा नव्या नावाने पुन्हा दिसली. किंमत १०,९००, फोटो तेच, फक्त सातच. पट्टीचा फोटो काढून टाकला आहे. खुणेसाठी सांगतो: ट्रायपॉडच्या कड्यावर डाव्या बाजूला अर्धचंद्रासारखा ओरखडा आहे आणि आयपीसचं रबर एका जागी चिरलेलं आहे.