चेनसॉ: पेट्रोलवरचा की बॅटरीवरचा?

पेट्रोलच्या चेनसॉचा (फिरत्या साखळीनं लाकूड कापणाऱ्या यांत्रिक करवतीचा) आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, म्हणून कानांना संरक्षण हवंच. शिवाय धूर, तापलेला सायलेन्सर आणि आगीची भीती. इंजिन थंड झाल्याशिवाय टाकी उघडू नका. इंधन भरलेल्या जागेपासून निदान ३ मीटर दूर जाऊन मशीन सुरू करा.

बॅटरीचं मशीन शांत असतं, पण मला धास्ती त्या शांततेचीच वाटते. बंद आहे असं वाटतं आणि ट्रिगर दाबला जाताच साखळी फिरते. साखळीला हात लावण्याआधी बॅटरी काढाच.

किकबॅक दोन्हींत सारखाच: साखळी जिच्यावर फिरते त्या पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की करवत क्षणात तोंडाकडे उसळते. नवशिक्यानं फांद्या छाटायला बॅटरीचं घ्यावं. चेन ब्रेक (किकबॅक होताच साखळी थांबवणारा ब्रेक) नसलेलं मात्र कुठलंच नको.