कोकणातले जुने घर: कौले राखावीत, छप्पर बदलावे की स्लॅब घालावा?

रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या चिऱ्याच्या जुन्या घराचे वासे वाकू लागले, की मालकांपुढे तीन मार्ग असतात: घराची दुरुस्ती करून ते कौलारूच ठेवणे, भिंती राखून छप्पर लोखंडी कैच्यांवर (त्रिकोणी सांगाड्यांवर) नव्याने उभारणे, किंवा सगळे पाडून स्लॅबचे घर बांधणे. चर्चा बहुधा खर्चापासून सुरू होते. माझ्या मते पहिला प्रश्न पावसाळ्यात त्या घरात कोण राहणार, हा असायला हवा, कारण त्याच्या उत्तराप्रमाणे तिन्ही मार्गांचा हिशेब बदलतो.

कौलारू छपराला दरवर्षी माणसाचा हात लागतो. मे महिन्यात कौले चाळायची, फुटकी बदलायची, वाळवी कुठे चढली आहे ते पाहायचे, ही कामे राहत्या घरात वेळच्या वेळी होतात आणि वानरांनी कौल सरकवले तर गळती त्याच दिवशी कळते. बंद घरात मात्र जूनमध्ये फुटलेले कौल चाकरमानी गणपतीला दार उघडेपर्यंत कोणाच्याच लक्षात येत नाही. तोवर कौलांखालची लाकडी पट्टी, म्हणजे रीप, कुजलेली असते आणि मातीत रचलेल्या भिंतीत पाणी उतरलेले असते. म्हणून घरात कायम कोणी असेल, तर दुरुस्तीइतका किफायतशीर मार्ग दुसरा नाही. सगळे लाकूड बदलण्याचा सल्ला मिळाला, तर आधी अनुभवी सुताराकडून वाशांची टोके पटाशीने टोचून पाहावीत, कारण वासा बहुधा भिंतीत गेलेल्या किंवा वळचणीच्या टोकाला कुजतो आणि मधला भाग, विशेषतः साग किंवा फणसाचा, शाबूत असतो. जुन्या आणि नव्या कौलांच्या खाचा सहसा जुळत नाहीत. तेव्हा निघालेली चांगली कौले छपराच्या एका पाख्यावर (उतारावर) आणि नवी दुसऱ्या पाख्यावर घालणे शहाणपणाचे.

स्लॅबचे आकर्षण समजण्यासारखे आहे: वानरांचा त्रास नाही, वाळवीची धास्ती कमी, आणि पुढे वर मजला चढवता येतो. पण त्याच्या अडचणी कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात दिसत नाहीत. पाच इंची स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला सुमारे 310 किलो भरते, तर मंगलोरी कौलांचे रिपांसह 65 किलोच्या आसपास. म्हणून मातीत रचलेल्या जुन्या भिंतींवर स्लॅब टाकून भागवू, हा विचार सोडून द्यावा. स्लॅब हवा असेल तर पायापासून नवे बांधकाम करावे लागेल. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत सळ्या लवकर गंजतात, त्यामुळे काँक्रीट बांधकामाचे भारतीय मानक 456 अशा ठिकाणी किमान एम-30 दर्जाचे (मजबुतीची प्रत) काँक्रीट आणि सळ्यांवर 45 मिलिमीटर काँक्रीटचे आवरण सांगते; करारात हे दोन आकडे लिहून घ्यावेत आणि खाडीची वाळू चालणार नाही, हेही. शिवाय स्लॅब बहुधा मार्च-एप्रिलमध्ये पडतो, म्हणजे विहिरी तळाला गेलेल्या असताना किमान आठवडाभर, आणि मिश्र (राख किंवा स्लॅग मिसळलेले) सिमेंट असेल तर दहा दिवस, त्यावर पाणी मारावे लागते. टँकरचा खर्च आधीच धरावा. इतके करूनही काही वर्षांनी स्लॅब पाझरू लागला, की त्यावर पत्र्याची शेड चढते. कोकणातल्या कोणत्याही रस्त्याने जाताना अशी दोन छपरांची घरे मोजून पाहावीत. उतरते छप्पर नको म्हणून बांधलेल्या घराला अखेर उतरते छप्पर घ्यावेच लागते.

राहिला मधला मार्ग, ज्याचा विचार सर्वांत कमी होतो. भिंती धड असतील, तर लाकडाऐवजी लोखंडी कैच्या आणि त्यांवर कौले घातल्याने वाळवीचा प्रश्न छपरापुरता सुटतो, घराची उंची आणि गारवा टिकतो आणि भिंतींवरचा भारही फारसा वाढत नाही. कौलांखाली पातळ पत्रा घातला, तर वर एखादे कौल फुटले तरी पाणी घरात येत नाही. वर्षातले आठ-दहा महिने बंद राहणाऱ्या घरासाठी मी हाच पर्याय पुढे ठेवीन. नुसता पत्रा स्वस्त पडतो, पण उन्हाळ्यात तापतो आणि पावसात त्याखाली बोलणे ऐकू येत नाही. शिवाय वादळात कौले सुटी सुटी उडतात, तर नीट न आवळलेला पत्रा अखंड उचलला जातो. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीत अशी उघडी पडलेली घरे जागोजागी दिसत होती. लोखंडाला मात्र गंजरोधक रंग दर काही वर्षांनी द्यावाच लागतो.

कागदपत्रांच्या बाबतीत तिन्ही मार्ग सारखे नाहीत. सामाईक घराच्या डागडुजीला भाऊबंद सहसा हरकत घेत नाहीत, पण पाडण्यापूर्वी सर्व हिस्सेदारांची लेखी संमती हवी. घरपट्टीचा उतारा आपल्या नावावर असणे म्हणजे मालकी नव्हे. घर समुद्राजवळच्या ना-विकास पट्ट्यात, म्हणजे नव्या बांधकामाला मनाई असलेल्या भागात, असेल, तर 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेनुसार अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती वा पुनर्बांधणी करता येते, मात्र मूळ जोत्याचे क्षेत्र आणि चटई क्षेत्र निर्देशांक (जागेच्या तुलनेत सर्व मजल्यांचे मिळून बांधकाम) ओलांडता येत नाही. स्लॅबमुळे मिळणारा जादा मजला अशा ठिकाणी हिशेबातून वगळूनच तुलना करावी.