ग्रीस निप्पल मोकळं करायचं हातोड्याचं टूल: एक हंगाम वापरून

पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा ऊस हंगाम संपला, की ट्रॅक्टर धुऊन काढायचा आणि सगळीकडं ग्रीस मारायचं, हा आबांचा नेम. गेल्या वर्षी धुतला, ग्रीसगन घेऊन बसलो, तर नऊ निप्पलं, म्हणजे ग्रीस आत सोडायची बारकी तोंडं, ग्रीस घेईनात. दांडा दाबला की कपलरच्या, म्हणजे गनच्या निप्पल पकडणाऱ्या तोंडाच्या, कडेनं ग्रीस बाहेर, आत टिपूस नाही. फ्रंट एक्सलच्या सेंटर पिनचं एक, किंगपिनची (पुढची चाकं जिच्यावर वळतात ती पिन) दोन, रोटाव्हेटरच्या कडेच्या बेअरिंगचं एक, पीटीओ शाफ्टच्या (ट्रॅक्टरची ताकद अवजाराला देणारा फिरता दांडा) क्रॉसची, म्हणजे त्याच्या सांध्यातल्या फुलीची, दोन आणि ट्रॉलीची तीन. पाच महिने फडातला चिखल आणि पाचटाची धूळ खाल्ल्यावर दुसरं काय व्हायचं!

मग ऑनलाइन हे टूल मागवलं. 640 रुपये पडले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढं एक तक्रार आहे आणि अशीच टूल डझनभर नावांनी मिळतात.

वस्तू साधी आहे. वीतभर लांबीचं जाड लोखंडी नळकांडं. एका टोकाला निप्पलवर बसणारं तोंड, दुसऱ्या टोकाला आतबाहेर होणारा दट्ट्या. दट्ट्या काढायचा, आत डिझेल आणि थोडं पातळ ऑइल भरायचं, दट्ट्या बसवायचा, तोंड निप्पलवर सरळ धरायचं आणि डोक्यावर हातोडा हाणायचा. निप्पलच्या तोंडाला एक बारकी गोळी असते, मागं स्प्रिंग. हाताच्या गननं जी गोळी हलत नाही ती या दणक्यानं हलते आणि डिझेल वाळलेल्या ग्रीसमध्ये घुसतं.

पहिला प्रयोग सेंटर पिनवर केला. एक किलोचा हातोडा घेतला. पहिल्या घावाला डिझेलची चिळकांडी थेट शर्टावर. दुसऱ्याला तेच. तोंड तिरकं बसलं होतं हे तेव्हा कळलं. निप्पल तारेच्या ब्रशनं घासून परत धरलं. तिसरा, चौथा घाव टणक लागला, दगडावर मारल्यासारखा. पाचव्याला दट्ट्या धसकन अर्धा बोट खाली गेला. हाताला जे जाणवलं ते सांगता येत नाही, पण आत वाट झाली हे कानालाही कळतं, आवाजच बदलतो. लगेच गन लावली. आठ-दहा दाब झाल्यावर पिनच्या कडेनं काळं, खरबरीत काहीतरी यायला लागलं, गुऱ्हाळाच्या काहिलीच्या तळाला लागलेल्या जळक्या गुळासारखं. आबा बाजूला उभे होते. म्हणाले, "हे पाच-सहा वर्षांचं असंल." त्यामागून नवं ग्रीस दिसेपर्यंत गन थांबवली नाही.

इथवर टूलला पाचपैकी पाच. पण नऊची गोष्ट पुरी सांगतो, नाहीतर जाहिरात होईल.

नऊपैकी दोन निप्पलं चोक नव्हतीच! आमच्या मेस्त्रींनी गन हातात घेतली, खिशातलं कोरं निप्पल तिच्या तोंडाला लावलं आणि दांडा दाबला. ग्रीस कडेनंच आलं. "निप्पलाला नावं ठेवू नका दादा, तुमच्या कपलरचे जबडे गेलेत." नवा कपलर टाकला तसं ट्रॉलीचं एक आणि क्रॉसचं एक गुपचूप ग्रीस प्यायला लागली. हे आधी तपासलं असतं तर निम्मा दिवस वाचला असता.

टूलनं खरोखर मोकळी झाली ती चार: सेंटर पिन, डावी किंगपिन आणि ट्रॉलीची दोन.

उजवी किंगपिन हटवादी निघाली. वीस घाव घातले, दट्ट्या तसूभर हलला नाही. शेवटी निप्पल काढलं. आमच्या ट्रॅक्टरला एम-10 चं आहे, 11 चा पाना लागतो. एम-8 ला 9 आणि एम-6 ला 7. काढलेलं निप्पल नुसतंच गनला लावलं तर त्यातून ग्रीस सरळ बाहेर. म्हणजे निप्पल चांगलं, वाट पुढं बुशाकडं, म्हणजे पिन ज्यात बसते त्या नळीकडं, बंद. भोकात डिझेल भरून रात्रभर ठेवलं. सकाळी एक्सलखाली जॅक लावून चाक जमिनीपासून उचललं, म्हणजे पिनवरचा भार उतरला. निप्पल परत बसवून टूल लावलं. तिसऱ्या घावाला मोकळं. भार उतरवायची ही युक्ती मेस्त्रींची. टूलच्या खोक्यातल्या कागदावर यातलं एक अक्षर नाही.

रोटाव्हेटरच्या बेअरिंगवर मेस्त्रींनी टूल लावूच दिलं नाही. तिथं सील असतं, एवढ्या दाबानं सील बाहेर यायची भीती. निप्पलच बदललं, पंधरा रुपयांत काम झालं.

क्रॉसचं दुसरं निप्पल मात्र टूलच्या आवाक्यातलं नाही. दोन कानांच्या बेचक्यात ते बसलेलं, तिथं टूल सरळ धरायलाच जागा नाही, मग हातोडा कुठून फिरवणार? पान्यानं काढायला गेलो तर मुंडकं तुटून हातात. क्रॉसच नवा टाकला.

एक गोष्ट जीवावरची. घाव घालताना गळती कुठून होते हे बघायला मी बोट लावायला गेलो, तर मेस्त्रींनी हातावर फटका मारला. एवढ्या दाबानं उडालेलं डिझेल किंवा ग्रीस कातडीत घुसतं. भोक सुईएवढं, दुखतही नाही, पण आतून बोट सडू शकतं. असं झालं तर घरी हळद लावत बसू नका, त्याच तासाला दवाखाना गाठा आणि काय घुसलंय ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. डोळ्याला चष्मा लावाच.

आता तक्रार. चाळीसेक घावांतच दट्ट्याचा रबरी ओ-रिंग कापला. त्यानंतर हातोडा मारला की डिझेल वरून, थेट मनगटावर. विकणाऱ्याला फोटो पाठवले. उत्तर आलं की ओ-रिंग वॉरंटीत येत नाही. अहो, त्या नळकांड्यात झिजण्यासारखी वस्तू तेवढी एकच आहे!

घ्यावं का? एकाच ट्रॅक्टरवाल्यानं आधी चांगला कपलर आणि पुडाभर निप्पलं घ्यावीत, तेवढ्यात बहुतेक भागतं. ज्याच्याकडं जुनी ट्रॉली, नांगर, पेरणीयंत्र अशी जत्रा आहे, किंवा जो भाड्यानं कामं करतो, त्यानं घ्यायला हरकत नाही. माझे पाचपैकी साडेतीन. अर्धा त्या ओ-रिंगपायी कापला.

तो ओ-रिंग शेवटी तालुक्याला हायड्रॉलिकच्या दुकानात मापानं मिळाला, आठ रुपयांना. चार आणून ठेवलेत. गेल्या महिन्यात शेजारचे अण्णा टूल मागून घेऊन गेले, अजून परत आलेलं नाही.