नाताळला कुंडीतलं झाड, सुरूची फांदी का प्लास्टिक? आणि फुलं कोणती? आपल्या मराठवाड्याच्या हिशोबानं

बरेच जण विचारायलेत की यंदा नाताळला घर सजवायचं तर नर्सरीतलं खरं झाड घ्यावं, सुरूची फांदी आणावी का माळ्यावरचं प्लास्टिकचंच काढावं, आणि फुलांमध्ये पॉइन्सेटिया बरा का शेवंती. नेटवर शोधलं तर सगळं फर, स्प्रूस, हॉली, मिसलटो असं थंड देशातलं निघतं. तिकडं ते रानात उगवतं म्हणून तिथल्या लोकांनी घरात आणलं, आपल्या जालना-परभणी-लातूरकडं त्यातलं एकही उगवत नाही. म्हणून इथं जे खरोखर मिळतं त्याचीच तुलना करते. माझा निकष एकच आहे, 25 डिसेंबरला कसं दिसेल एवढंच बघू नका, मे महिन्यात त्याचं काय होणार तेही बघा. आपल्याकडं ऊन 42 च्या पुढं जातं आणि नळाला पाणी चार-चार दिवस येत नाही. 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं हे आपण कुणीच विसरलेलो नाही, तर झाड विकत घेताना उन्हाळ्यात आपल्या वाट्याचं पाणी त्याला देता येईल का, हा विचार आधी करायचा.

झाडापासून सुरू करू. नर्सरीत "ख्रिसमस ट्री द्या" म्हटलं की बहुतेक वेळा अरोकेरिया देतात, सरळ खोड आणि त्याला मजल्यामजल्यानं चारी बाजूंनी आडव्या फांद्या. दिसायला ह्याच्यासारखं दुसरं काही नाही, चांदणी वर लावली की झाडच पुरतं, बाकी सजावट केली नाही तरी चालतं. पण हे मूळचं नॉरफोक बेटाचं, म्हणजे पॅसिफिक समुद्रातलं, हवेत ओल असलेल्या जागेचं. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात त्याच्या खालच्या फांद्या तपकिरी होऊन गळतात आणि गळलेली फांदी त्या जागी परत येत नाही, हे लक्षात ठेवा. शेंडा मोडला तरी तेच, मग तो सुंदर आकार गेला तो गेलाच. म्हणून ज्यांच्याकडं पूर्वेची गॅलरी आहे, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली आहे, आणि मार्च ते जून हिरवी जाळी बांधायची तयारी आहे त्यांनीच अरोकेरिया घ्यावा. गच्चीवर उघड्या उन्हात ठेवायचा असेल तर घेऊ नका, खरंच सांगते, जीव हळहळतो नंतर.

दुसरा पर्याय मोरपंखी. शाळेत पुस्तकात विद्या म्हणून ठेवायचो ना, तेच झाड, थुजा. लोक ह्याला साधं समजतात कारण प्रत्येक ऑफिसच्या आणि बंगल्याच्या दारात असतं, पण आपल्या हवेला हेच खरं सोसतं. ऊन चालतं, थंडी चालते, एखाद्या दिवशी पाणी चुकलं तरी तग धरतं, आणि कात्रीनं छाटून हवा तसा शंकूचा आकार देता येतो. अरोकेरियाला कात्री लावायचीच नसते, इथं मात्र जितकी हलकी छाटणी तितकं दाट होतं. ऑक्टोबरमध्ये एकदा आकार दिला की नाताळपर्यंत नवी हिरवी पालवी भरून येते. उणी बाजू म्हणाल तर पानं खालपासून वरपर्यंत गच्च असतात, मध्ये मोकळी जागा नसते, त्यामुळं गोळे-घंटा लटकवायला अरोकेरियाइतकं सोपं नाही, हलकेच दागिने लावावे लागतात. आणि हे उन्हाचं झाड आहे, हॉलच्या कोपऱ्यात महिनाभर ठेवलं तर आतून पिवळं पडतं. 22-23 तारखेला आत आणा, खिडकीजवळ ठेवा, नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात परत बाहेर. मला विचाराल तर मराठवाड्यातल्या दहातल्या आठ घरांना मोरपंखीच सांगेन.

कुंडीच्या मातीबद्दल एक बोलायचंच आहे, कारण झाडं मरतात ती बहुतेक इथंच. आपली काळी माती शेताला सोनं आहे पण कुंडीत एकटी भरली की पाणी धरून बसते, मुळं कुजतात, आणि वाळली की चिरा पडून पाणी कडेनं सरळ खाली वाहून जातं, मुळाला लागतच नाही. थोडी काळी माती, त्यात वाळू नाहीतर बारीक मुरूम आणि चांगलं कुजलेलं शेणखत, असं मिश्रण करा. खालचं भोक खापरीनं झाकून घ्या, बुजवू नका. आणि जिवंत झाडावर चमकीचा स्प्रे मारू नका, पानाला श्वास घ्यायचा असतो. लाइटची माळ एलईडीचीच लावा, ती फारशी तापत नाही.

आता सुरूची फांदी. जुन्या लोकांचं नाताळचं झाड म्हणजे हेच, बादलीत वाळू भरायची, फांदी रोवायची, बादलीला क्रेप कागद. खर्च जवळजवळ नाही आणि त्या लांब बारीक सुया खाली झुकलेल्या असतात त्या इतक्या छान दिसतात की प्लास्टिकला ते कधीच जमत नाही. पण आपली डिसेंबरची हवा कोरडी, पाच-सहा दिवसांत सुया गळायला लागतात, घरभर कचरा. वाळूत रोज पाणी घातलं तर थोडे दिवस जास्त मिळतात. वाळलेली सुरू पटकन पेट घेते म्हणून मेणबत्ती तिच्या आसपासही नको, हे मी जोर देऊन सांगते. आणि फांदी स्वतःच्या नाहीतर ओळखीच्यांच्या आवारातली, विचारून घेतलेली असावी. रस्त्यावरच्या, सरकारी आवारातल्या झाडावर कुऱ्हाड चालवू नका, शहरात झाड तोडायला परवानगी लागते, 1975 चा कायदाच आहे तसा. चर्चमध्ये किंवा मंडळीच्या हॉलमध्ये एका संध्याकाळच्या कार्यक्रमाला मोठं झाड पाहिजे असेल तर मात्र सुरूला तोड नाही, कुंडीतलं आठ-दहा फुटाचं झाड कुठून आणणार?

प्लास्टिकबद्दल थोडक्यात. घरात आधीपासून असेल तर खुशाल वापरा, दरवर्षी वापरा, पुसून खोक्यात ठेवा, जितकी वर्षं चालेल तितकं चांगलं. टाकून देऊन नवीन "नैसर्गिक" घेणं म्हणजे दुहेरी नुकसान. भाड्याच्या घरात असाल, बदली होत असेल, म्हातारी माणसं एकटी राहत असतील तर प्लास्टिक हेच शहाणपणाचं, कुंडी उचलून कोण ठेवणार. पण नवीन आणि अगदी स्वस्तातलं पातळ झाड घेऊ नका, दोन वर्षांत त्याच्या पट्ट्या गळतात आणि त्याचं पुढं काहीच होत नाही. अशा प्लास्टिक झाडाला खरी फुलं आणि खरा पाला जोडला की ते एकदम वेगळं दिसतं, तर आता फुलांकडं येते.

पॉइन्सेटिया, नर्सरीवाले लालपत्ती म्हणतात, ही तर सगळ्यांना पाहिजेच असते. मूळची मेक्सिकोची. ते लाल दिसतं ते फूल नसतं, ती पानंच असतात, फुलं म्हणजे मधले ते पिवळे बारीक मणी. घेताना तेच मणी बघायचे. मिटलेले, घट्ट, टवटवीत असतील तर कुंडी ताजी, पुढं बरेच दिवस लाल राहील. मणी उमलून पिवळी पावडर सांडत असेल किंवा गळून मध्ये नुसती देठं उरली असतील तर लाल पानं किती का भरगच्च असेनात, ती उतरणीला लागलेली कुंडी आहे, दुसरी मागा. घरी आणल्यावर कुंडीभोवतीचा चमकीचा कागद काढा नाहीतर खालून फाडा, त्यात पाणी साचतं आणि मुळं सडतात, बहुतेक कुंड्या ह्याच कारणानं जातात, थंडीनं नाही. थंडीनंही होतं म्हणा, परभणीकडं डिसेंबरात पारा 10 च्या खाली उतरतो त्या रात्री बाहेर राहिली तर सकाळी पानं लोंबतात, रात्री आत घ्या. देठ तुटला की पांढरा चीक येतो, तो अंगाला खाजतो, लहान लेकरं आणि घरातलं मांजर-कुत्रं ह्यांच्या तोंडाला लागू देऊ नका.

पुढच्या वर्षी ती परत लाल होईल का, हा सगळ्यांचा प्रश्न. होते, पण तिला लांब रात्र लागते, म्हणजे ऑक्टोबरपासून दोनेक महिने रोज 14 तास पूर्ण अंधार, मध्ये जरासाही उजेड नको. गॅलरीत रात्री ट्यूब जळत असेल किंवा समोर स्ट्रीट लाइट असेल तर झाड जोमानं वाढतं, हिरवंगार राहतं आणि लाल मात्र होत नाही. जमिनीत लावायला जागा असेल आणि तिथं रात्री अंधार असेल तर लावून टाका, माणसाच्या उंचीच्या वर जाते आणि दर डिसेंबरला आपोआप पेटते. फ्लॅटमधल्यांनी ती महिना-दीड महिन्याची पाहुणी समजूनच घ्यावी.

शेवंती ह्याच्या अगदी उलट. हिचा मान आपण देवाच्या हाराला दिला म्हणून नाताळच्या सजावटीत कुणाला ती सुचत नाही, आणि मला ह्याचं फार वाटतं, कारण डिसेंबर हा तिचा स्वतःचा हंगाम आहे. पांढरी शेवंती, मोरपंखीच्या चार डहाळ्या, मध्ये एक लाल मेणबत्ती, झालं टेबल. देठासकट घेतलेली शेवंती पाण्यात आठ-दहा दिवस आरामात राहते, गुलाब चार-पाच दिवसांत मान टाकतो, जरबेरा आठवडाभर पण त्याला बोटभरच पाणी ठेवायचं, जास्त पाण्यात त्याचा पोकळ देठ सडून मधूनच वाकतो. कार्नेशनही टिकाऊ आहे पण ते बाहेरून येतं आणि महाग पडतं. शेवंती घेताना फूल उलटं करून मागच्या पाकळ्या बघा, कडा तपकिरी असतील तर शिळी. पाण्यात बुडणारी पानं सगळी काढून टाका, देठ तिरपा कापा, दिवसाआड पाणी बदला आणि बदलताना देठाचं टोक परत जरासं कापा. एवढंच, बाकी गोळ्या-बिळ्या काही लागत नाहीत.

झेंडू मी दारासाठी सांगेन, घरात नाही. सुट्टा झेंडू पाण्याविना दोन-तीन दिवस, म्हणून तोरण 24 ला संध्याकाळी ओवा. केशरी-पिवळ्यात अशोकाची पानं ओवली की हिरवा-सोनेरी मेळ येतो. भावाचं गणित असं की मार्गशीर्षातले गुरुवार आणि लग्नं असली की फुलं चढतात, पौष लागला की उतरतात, आणि पौष कधी नाताळच्या आधी लागतो कधी नंतर, तर कॅलेंडर बघून ठरवा आणि गुरुवारच्या आदल्या दिवशी खरेदीला जाऊच नका.

दारावरच्या गोल रिंगसाठी बाजारची प्लास्टिक रिंग का हातची, ह्यात मी सरळ हातची म्हणते. गुळवेलीचा ओला वेल गोल पिळून घ्या नाहीतर जाड तार, त्यावर मोरपंखी आणि कुंतीच्या, म्हणजे कामिनीच्या, डहाळ्या सुतळीनं एकाच दिशेनं बांधत जा. कुंतीची पानं गर्द आणि चकचकीत, आणि तिला ती छोटी लाल फळं धरलेली असतील तर हॉलीची आठवण कुणाला येणार नाही. गुंजा मात्र लेकरं असलेल्या घरात नकोत, दिसायला सुंदर पण विषारी असतात. फुलवाल्यांचा हिरवा स्पंजही टाळता आला तर टाळा, ते प्लास्टिकच आहे, पसरट भांड्यात ओली वाळू भरून फुलं रोवली तरी तशीच उभी राहतात.

गव्हाणीच्या, म्हणजे येशूजन्माच्या, देखाव्यासाठी लोक दुकानातून हिरवा कागद आणि प्लास्टिकचं गवत आणतात, ते मला अजिबात पटत नाही. आपल्याकडं घराघरात नवरात्रात घटाला धान पेरतात, तसंच ताटात गहू पेरायचा. बेथलेहेमचा गोठा आहे, त्याला खरं ओलं हिरवं आणि शेजारी खरा कडबा पाहिजे, आणि कडब्याची पेंढी आपल्या मराठवाड्यात मिळणार नाही तर कुठं. लातूर-धाराशिवकडच्यांची वेळा अमावस्या, म्हणजे शेतात जाऊन पूजा करायचा सण, बऱ्याचदा ह्याच दिवसांत येते, शेतातून येताना ज्वारीची दोन-चार धाटं आणि तुरीच्या शेंगा लागलेल्या डहाळ्या घेऊन या, गोठ्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या केल्या की कुठल्याही नर्सरीच्या पाल्यापेक्षा त्या जास्त शोभतात. शेत आपलं नसेल तर मालकाला विचारून घ्या, कुणी नाही म्हणत नाही. नवरात्रात नऊ दिवसांत धान वर येतं, डिसेंबरच्या थंडीत जरा सावकाश येतं, म्हणून 11-12 तारखेला गहू रात्रभर भिजत घाला, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून मोड आणा आणि मग बोटभर मातीत दाट पसरून वर मातीचा पातळ थर द्या. पहिले दोन दिवस झाकून ठेवा, मग उजेडात, पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही, नाहीतर बुरशी धरते. ताट दर दिवशी फिरवत जा, नाहीतर सगळा गहू खिडकीकडं वाकतो.