पांढरी गाडी, तांबडी माती: वॅक्स, सिरॅमिक की पीपीएफ?

भाच्याचा डिचोलीहून फोन आला. दसऱ्याला पांढरी एसयूव्ही येणार, आणि शोरूमवाल्याने चावीआधीच कोटिंगचा कागद पुढे सरकवलेला. "मामा, सगळ्यात जास्त चकाकी कशाने येते?"

मी म्हटलं, "रात्री गाडी कुठे लावणार?"

"आंब्याखाली."

"मग चकाकीचं नंतर बघू."

टाळाटाळ करत नव्हतो. काळ्या गाडीला लागू पडणारं गणित पांढऱ्या गाडीला लागू पडत नाही, आणि दुकानातले नमुने पाहाल तर बहुतेक काळ्या नाहीतर लाल बॉनेटवरच लावलेले असतात. वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, दोन्ही गाड्यांवर सारखाच. समोरून पडलेल्या उजेडापैकी साधारण ४ टक्केच तो आरशासारखा परत पाठवतो. काळ्या रंगाखालून काहीच उजेड येत नाही, म्हणून तेवढ्या ४ टक्क्यांतही बॉनेटवर माडाची झावळी न् झावळी दिसते. पांढऱ्या रंगातलं टायटॅनियम डायऑक्साइड मात्र उरलेला बहुतेक उजेड चहूकडे उधळतं, आणि त्या उजेडात झावळी हरवते. ओल्या आरशासारखी चमक देण्याचं वचन बाटलीवर कितीही मोठ्या अक्षरात असो, पांढऱ्यावर ती अर्धीच दिसणार. मोत्यासारखी झाक असलेल्या पर्ल व्हाइटवर थोडी जास्त दिसते, कारण तिथे मधल्या थरात अभ्रकाचे कण असतात.

पांढरी गाडी चमकदार दिसते ती तीन गोष्टींनी. पांढरेपणा निखळ हवा, पृष्ठभाग हाताला काचेसारखा लागायला हवा, आणि काळं ते काळंच दिसायला हवं. ही तिसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. टायर, चाकांच्या कमानींवरचं प्लास्टिक, खिडक्यांची रबरं करडी पडली की शेजारचा पांढरा रंगही मळकट वाटतो. दोनशे-तीनशे रुपयांचं ट्रिम ड्रेसिंग लावल्यावर गाडीत जेवढा फरक पडतो, तेवढा कित्येकदा हजारांच्या कोटिंगने पडत नाही.

आता पॉलिश. आपल्याकडे "पॉलिश मारून घे" म्हणताना वॅक्सही त्यातच मोजतात, पण दोन्ही कामं वेगळी आहेत. पॉलिश क्लिअर कोट घासून सपाट करतं. क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहून पातळ, आणि एकदा घासलेला परत येत नाही. नव्या गाडीला मशीनने रबिंग करायची सहसा गरज नसते. वाहतुकीत किंवा यार्डात कुणी कोरडं फडकं मारून गोल-गोल ओरखडे पाडले असतील, तर ते मोबाइलच्या टॉर्चखाली पाहा. असतील तर बारीक पॉलिशचा एक हात पुरतो. पांढऱ्यावर हे ओरखडे असेही कमी दिसतात, ती पांढऱ्याची मेहेरबानी.

गरज असते ती सफाईची. नव्या पांढऱ्या गाडीवर बारीक नारिंगी ठिपके दिसले तर गाडी गंजतेय असं समजू नका. वाहतुकीत आणि यार्डात उडून बसलेले लोखंडाचे कण असतात ते, रंगात रुतून तांबतात. आयर्न रिमूव्हर फवारला की ते जांभळे होऊन वाहून जातात (वास सडक्या अंड्यासारखा, तेव्हा अंगणातच करा). पुढे हाताला खरखर लागली तर क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मऊ वडी, हलक्या हाताने फिरवायचा. आपली तांबडी माती हे वेगळं प्रकरण. ती रंगात रुतत नाही, वर बसते. तिच्यासाठी रसायन नको, भरपूर पाणी हवं. धुळीने माखलेल्या गाडीवर कोरडं फडकं फिरवलं म्हणजे जांभ्याचा भुगा सँडपेपरसारखा फिरवला.

एवढं झाल्यावर संरक्षण काय लावायचं ते ठरवायचं.

शोरूममधलं टेफ्लॉन सगळ्यात आधी बाजूला काढतो. स्वयंपाकाच्या तव्यावर ते तीनशे अंशांच्या वर भाजून बसवावं लागतं. तेवढं भाजणं गाडीच्या रंगाला सोसणारं नाही. त्या नावाने जे लागतं ते व्यवहारात सीलंटच्याच, म्हणजे रंगावर पातळ कृत्रिम थर देणाऱ्या द्रवाच्याच, जातीचं असतं. वाईट नसतं, पण मागतात त्या तीन-चार हजारांचं मुळीच नसतं.

कार्नौबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं. काळ्या, लाल गाडीवर त्याची खोल झाक खरंच सुंदर दिसते. पांढऱ्यावर ती झाक ओळखायला नजर हवी. टिकणार महिना-दीड महिना, आपल्या पावसात त्याहून कमी. रविवारी सकाळी गाडीशी तासभर खेळायला आवडत असेल तर जरूर लावा. फक्त काळ्या प्लास्टिकला आधी मास्किंग टेप मारा, नाहीतर वाळलेल्या वॅक्सच्या पांढऱ्या रेघा दात घासायच्या ब्रशनेही निघत नाहीत.

सिंथेटिक सीलंट, किंवा हल्ली मिळणारा स्प्रे सिरॅमिक, यांच्यावर माझा जीव आहे. हजार-दीड हजारांची बाटली वर्षभर पुरते. लावायला कौशल्य लागत नाही, तीन-चार महिने पाणी चांगलं निथळतं. त्याची चमक थोडी कोरडी, काचेसारखी असते. काळ्यावर लोक तिला नावं ठेवतात, पांढऱ्यावर मात्र तीच शोभते.

सिरॅमिक कोटिंग म्हणजे सिलिकाचा मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा कडक थर. छोट्या एसयूव्हीला चांगल्या डिटेलिंगवाल्याकडे (गाडीची बारीक सफाई-पॉलिश करणाऱ्याकडे) पंधरा ते पस्तीस हजार. चिखल त्यावरून पटकन सुटतो, आणि नीट जपलं तर वॅक्स-सीलंटहून खूप जास्त, दोन-तीन वर्षं टिकतं. पण '९एच' ऐकून भुलू नका. तो पेन्सिलच्या टोकाने घेतलेल्या चाचणीचा आकडा आहे, हिऱ्या-नीलमाच्या मोजपट्टीतला नाही. गेटचा खिळा लागला की ओरखडा पडणारच. दुसरी खोड म्हणजे पाणी थेंबाथेंबाने उभं राहतं आणि उन्हात तिथेच सुकतं. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात क्षार असतील तर प्रत्येक थेंबाची एक वाटोळी कड उरते. पांढऱ्यावर ती दिसत नाही, म्हणून माणूस निष्काळजी राहतो आणि वर्षाने हात फिरवला की कळतं. धुतल्यावर पुसायला आळस करणाऱ्याने सिरॅमिकच्या वाटेला जाऊ नये.

वेळही पाहा. आपल्याकडे गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. कोटिंग लावल्यावर पहिला दिवस तरी पाणी लागता कामा नये, पूर्ण मुरायला आठवडा जातो. गणेश चवथीला गाडी घेतली तर पाऊस सरेपर्यंत सीलंटवर काढा, सिरॅमिक दिवाळीनंतर. बंद, वातानुकूलित जागा असलेला डिटेलर मिळाला तर गोष्ट वेगळी.

पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, हा द्रव नाही, रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म आहे, दीडशे ते दोनशे मायक्रॉनची. दगडाचा मार झेलणारी या यादीतली ही एकटीच. हलके ओरखडे उन्हाच्या उबेने आपोआप भरून येतात. अख्ख्या गाडीला पाऊण लाखापासून दीड लाखाच्या पुढे. पांढऱ्या गाडीवाल्याने मात्र दोन गोष्टी विचारूनच पैसे द्यावेत. फिल्म टीपीयूची की पीव्हीसीची (दोन्ही प्लास्टिकचेच प्रकार)? स्वस्त पीव्हीसी पिवळी पडते, आणि पिवळेपणा लपवायला पांढऱ्याइतकी वाईट जागा नाही. आणि कडा दाराच्या आत दुमडणार की पृष्ठभागावरच संपणार? उघड्या कडेला तांबडा चिखल धरतो आणि दोन पावसाळ्यांत बॉनेटवर पेन्सिलने आखल्यासारखी तपकिरी रेघ उमटते. माझ्या एका मित्राची गाडी लांबून पाहिली तर शिवलेली वाटते.

रोज हायवे ६६ वरून टिप्परच्या मागे मडगाव-पणजी करणाऱ्याला मी पुढचा बंपर, बॉनेट आणि आरसे एवढ्यालाच पीपीएफ घ्यायला सांगेन. बाकी अंगाला सीलंट. पणजीत तळघरातल्या पार्किंगमध्ये राहणारी, शनिवार-रविवारच बाहेर पडणारी गाडी असेल तर बिनधास्त सिरॅमिक. वास्कोच्या बाजूला कोळशाची काळी धूळ बसते. तिथेही सिरॅमिकच, पण पुसण्याआधी नळीने धुवायची शपथ घेऊन.

आणि आंब्याखालची गाडी? मोहोराच्या दिवसांत तुडतुडे चिकट गोड द्रव गाळतात, त्यावर काळी बुरशी चढते, आणि पांढऱ्या छतावर काजळी सांडल्यासारखी दिसते. मग कैरीचा चीक आणि पक्ष्यांची विष्ठा. सिरॅमिकवरून हे सगळं सोपं सुटतं खरं, पण दोन-तीन दिवस तसंच राहिलं तर तेही डागाळतं. तीस हजारांचं कोटिंग आंब्याखाली उभं करण्यापेक्षा त्याच पैशांत चार खांब आणि पत्रे घालून शेड होते, हे भाच्याला पटायला तीन फोन लागले. वहिनींनी मध्येच विचारलं, आंबा तोडून टाकला तर? गोव्याचा लाडका मानकुराद आहे तो, फोनवर सगळेच गप्प झाले.

शेवटी ठरलं ते असं. शोरूमचं पॅकेज नाही. आधी आयर्न रिमूव्हर, मग स्प्रे सिरॅमिक, शेड उभी राहिली की पुढच्या हिवाळ्यात खऱ्या सिरॅमिकचा विचार. आणि दसऱ्याला देवळाकडे पूजा करून बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं की ते त्याच संध्याकाळी ओल्या मायक्रोफायबरने टिपून घ्यायचं, घासायचं नाही. पिंजर, म्हणजे कुंकू, उन्हात दोन दिवस राहिली की पांढऱ्यावर गुलाबी सावली राहते. माझ्या गाडीवर अजून आहे, डाव्या बाजूला, वाकून पाहिलं तर.