आट्यापाट्या की भातुकली? घरच्या कंपूसाठी ऑनलाइन जग निवडताना

इंदूरच्या रामबागेतील आमच्या घरी आठवड्यातून तीन रात्री, जेवणे आटोपली की, आठ जणांचा एक कंपू ऑनलाइन खेळायला जमतो. तिघे आम्ही घरचेच. शिवाय देवासचा चुलतभाऊ, पुण्याचे दोघे, बेंगळुरूची मामेबहीण आणि सुदामा नगरात राहणारा भाच्याचा वर्गमित्र. कंपूला आता नवे जग हवे आहे आणि तेथेच दोन तट पडले आहेत. वहिनी, मामेबहीण आणि मी यांना एकत्र घर बांधावे, शेती करावी, एखादा मोठा राक्षस सगळ्यांनी मिळून पाडावा असे वाटते. भाच्याला आणि त्याच्या मित्राला मात्र समोर खरा माणूस नसेल तर खेळाला चवच येत नाही. ‘यंत्राला हरवण्यात कसला मोठेपणा’ असे भाचा म्हणतो आणि त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. याच पेचात सापडलेल्या दुसऱ्या कंपूंना उपयोग व्हावा म्हणून आम्ही पारखलेले चार खेळ, म्हणजे अल्बियन ऑनलाइन, ओल्ड स्कूल रूनस्केप, गिल्ड वॉर्स २ आणि माइनक्राफ्ट, येथे शेजारी शेजारी ठेवून पाहिले आहेत.

हा वाद आमच्या घरात सुरू झालेला नाही. १९७८ साली इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी अनेकांनी एकाच वेळी खेळायचे, केवळ शब्दांचे असे पहिले सामायिक जग उभे केले, आणि त्याच बार्टल यांनी १९९६ साली खेळाडूंचे चार प्रकार मांडले: मिळवणारे, धुंडाळणारे, गप्पांचे भुकेले आणि दुसऱ्याच्या जिवावर उठणारे. पुढच्याच वर्षी आलेल्या अल्टिमा ऑनलाइनमध्ये हे चारही प्रकार एकाच मैदानात मोकळे सोडले गेले. चाचणीच्या काळात, ऑगस्ट १९९७ मध्ये, खेळाचे निर्माते रिचर्ड गॅरियट यांचे स्वतःचे राजाचे पात्रच एका खेळाडूने भर दरबारात जाळून मारले, यावरून पुढचा अंदाज यायला हरकत नव्हती. गावाबाहेर पाऊल टाकलेला नवखा खेळाडू वाटेत लुटला जाऊ लागला, आणि अखेर २००० साली निर्मात्यांनी त्या जगाची हुबेहूब दुसरी प्रत काढली. फेलुका या जुन्या प्रतीत मारामारी चालू राहिली आणि ट्रॅमेल या नव्या प्रतीत परस्परसंमतीशिवाय कोणी कोणावर हत्यार उगारू शकत नसे. बहुसंख्य खेळाडूंनी ट्रॅमेलची वाट धरली. फेलुकात लांडगे उरले, परंतु मेंढरे उरली नाहीत, आणि ही त्यांची तक्रार आजतागायत ऐकू येते.

त्यानंतर आलेल्या जवळजवळ प्रत्येक खेळाने या दुखण्यावर तीनपैकी एखादा उपाय योजलेला दिसतो: वेगळा सर्व्हर (म्हणजे खेळाचे जग चालवणारा वेगळा संगणक), वेगळा इलाखा किंवा मारामारी चालू-बंद करणारी वेगळी कळ. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने २००४ साली वेगळ्या सर्व्हरपासून सुरुवात केली आणि २०१८ साली ते मोडीत काढून खेळाडूच्या हाती कळ दिली, पण ती राजधानीच्या शहरातच चालू करता येते, वाटेल तेथे नाही. मला स्वतःला इलाख्याचा उपाय सर्वांत प्रामाणिक वाटतो आणि त्याचे कारण इंदूरकराला वेगळे सांगावे लागणार नाही. रंगपंचमीच्या दिवशी गेर निघालेली असताना पांढरा सदरा घालून राजवाड्याच्या चौकात जाणाऱ्याने रंगाची तक्रार करू नये. ज्याला भिजायचे नाही त्याने त्या दिवशी घरी बसावे. चौक ठरलेला आहे, दिवस ठरलेला आहे आणि दोन्ही सर्वांना ठाऊक आहेत. खेळ निवडताना हीच सीमा किती ठळक आहे आणि ती ओलांडण्याचा मोह खेळ मुद्दाम किती घालतो, हे आधी पाहावे.

अल्बियन ऑनलाइन हा २०१७ साली बर्लिनच्या कंपनीने आणलेला खेळ अशा सीमांवरच उभा आहे. त्याचे इलाखे निळे, पिवळे, लाल आणि काळे असे रंगांनी वेगळे केलेले आहेत. निळ्यात भीती नाही. पिवळ्यात कोणी पाडले तरी सामान शाबूत राहते, फक्त हत्यारे आणि कवच झिजते. लाल आणि काळ्या इलाख्यात मात्र मेलेल्या खेळाडूच्या अंगावरचे आणि थैलीतले सगळे जाते: काही नष्ट होते आणि उरलेले लुटणाऱ्याला मिळते. या खेळाची खरी खुबी अशी की वापरातील बहुतेक प्रत्येक वस्तू कोणा ना कोणा खेळाडूने हाताने बनवलेली असते, म्हणजे लुटीत आणि लढाईत जे नष्ट होते त्याचीच भरपाई करून शांतताप्रिय कारागिराचे पोट चालते. लांडगे संपले तर लोहाराचे दुकानही बसते. स्पर्धक आणि सहकारी यांचे हे परस्परावलंबन इतर तीन खेळांपैकी एकातही इतके घट्ट विणलेले नाही.

पण याच विणीत आमचे बोट अडकले. वहिनींनी तीन आठवडे खपून लिमहर्स्ट शहरात झगे शिवून ठेवले होते. नकाशाच्या मधोमध असलेल्या कार्लियन शहरात अशा मालाला चांगला भाव येतो आणि तेथे जायचे तर लाल इलाख्यातून जावे लागते. एका शनिवारी रात्री साडेअकराच्या सुमारास सारे झगे बैलावर लादून मी एकटाच निघालो. पडद्याच्या कोपऱ्यात त्या इलाख्यात किती शत्रू फिरत आहेत याचा आकडा दिसतो. तो शून्याचा तीन झाला तेव्हा मी रस्त्याच्या अर्ध्यावर होतो, बैल त्याच्याच चालीने चालत होता, आणि पुढच्या मिनिटभरात बैल, झगे, माझे कवच, सगळे गेले. वहिनी चिडल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, “भावोजी, झगे पुन्हा शिवता येतील, पण नेण्याआधी एकदा विचारलं असतंत.” मला लुटणारे तिघे नियमानेच खेळत होते आणि खेळाचाही काही दोष नव्हता. चूक माझी होती, कारण मी दुसऱ्याच्या कष्टाचा माल परस्पर पणाला लावला. तेव्हापासून कोणत्याही खेळात मी पहिला प्रश्न हाच विचारतो की येथे कोणाच्या वस्तूवर कोण डाव लावतो आणि ज्याची वस्तू आहे त्याला विचारले जाते का. स्वभावाचा प्रश्न त्यानंतरचा आहे.

हेच तत्त्व फार मोठ्या प्रमाणावर पाहायचे असेल तर आइसलँडच्या ईव्ह ऑनलाइन या अंतराळातील खेळाकडे पाहावे. तो आमच्या यादीत नाही, कारण त्याला नोकरीइतका वेळ द्यावा लागतो. २७ जानेवारी २०१४ रोजी त्यात जी लढाई पेटली ती एका इलाख्याचा हप्ता भरायचा राहून गेला म्हणून पेटली. ती सुमारे २१ तास चालली आणि तीत ७५ टायटन, म्हणजे त्या खेळातील सर्वांत अजस्र जहाजे, नष्ट झाली. असे एकेक जहाज बांधायला कित्येक जणांचे महिनोन्महिन्यांचे खाणकाम आणि हिशेब लागतात. थोडक्यात, सर्वांत कडवी चढाओढ सर्वांत शिस्तबद्ध सहकाराच्या खांद्यावर बसून आली होती.

ओल्ड स्कूल रूनस्केप २०१३ सालचा असला तरी त्याचे जग मूळ रूनस्केपच्या २००७ सालच्या प्रतीवरून घेतलेले आहे आणि दिसायलाही तसेच आहे. भाच्याने पहिल्या दिवशी नाक मुरडले होते. येथे जगाचा बहुतेक भाग शांततेचा आहे. मासे धरावेत, लाकूड तोडावे, कोडी सोडवावीत, कोणी अंगावर येत नाही. उत्तरेला मात्र एक चर खोदलेला आहे आणि तो उडी मारून ओलांडला की ‘वाइल्डरनेस’ सुरू होते, जेथे खेळाडू खेळाडूला मारू शकतो. जितके उत्तरेला जावे तितका हल्लेखोर आणि सावज यांच्या ताकदीतला चालणारा फरक वाढत जातो: पाचव्या पायरीवर पाच लेव्हलचा, तिसाव्या पायरीवर तीस लेव्हलचा. विसाव्या पायरीपलीकडे नेहमीच्या जादूने पळही काढता येत नाही. मेल्यावर साधारणपणे तीन सर्वांत मौल्यवान वस्तू आपल्याकडे राहतात, पण ज्याने आधी हात उचलला त्याच्या डोक्यावर कवटीची खूण उमटते आणि त्याचे तीनही जातात. लढाई सुरू करणाऱ्यावरच अधिक जोखीम टाकणारा हा नियम मला फार आवडला.

गोम आहे ती आमिषात. चांगली बक्षिसे चराच्या पलीकडे मुद्दाम ठेवलेली असतात, त्यामुळे ज्यांना लढायचे नाही असेही तेथे जातात, मारले जातात आणि मग दोन्ही बाजू एकमेकांना शिव्या घालतात. मूळ रूनस्केपमध्ये डिसेंबर २००७ मध्ये वाइल्डरनेसमधील मारामारी बंद करण्यात आली होती. कारण भांडणे हे नव्हते, तर खेळातले सोने खऱ्या पैशांनी विकण्याचा धंदा हे होते. खेळाडूंचे मतदान होऊन ती १ फेब्रुवारी २०११ रोजी परत आली. ओल्ड स्कूलमध्ये तर बहुतेक नव्या गोष्टी मतदानानेच येतात आणि पूर्वी त्यासाठी ७५ टक्के मते लागत, २०२२ पासून ७० टक्के लागतात. लोकशाही म्हणून हे छान असले तरी लढणारे अल्पसंख्य असल्याने त्यांच्या आवडीच्या सुधारणा बहुमतात अडकतात, ही त्यांची तक्रार मला रास्त वाटते. ऑक्टोबर २०२१ पासून दोन ते पाच जणांच्या गटाने बाहेरच्यांशी देवाणघेवाण न करता सामायिक कोठार चालवण्याची सोयही या खेळात आहे. आठ जणांना ती अपुरी पडते, पण चार-पाच जणांच्या कुटुंबासाठी यापेक्षा चांगली व्यवस्था मला माहीत नाही.

गिल्ड वॉर्स २ हा २०१२ सालचा खेळ सहकाराच्या बाजूला पूर्ण झुकलेला आहे. खाणीतला दगड एकाने फोडला तरी दुसऱ्यासाठी तो तसाच राहतो, राक्षस मारण्यात हातभार लावणाऱ्या प्रत्येकाला आपापला वाटा मिळतो आणि पडलेल्या अनोळखी माणसाला उठवले तर उलट आपलाच फायदा होतो. शेजारी कोणी आला की मनात धास्तीऐवजी आनंद व्हावा अशी ही रचना आहे. ज्यांना लढायचे आहे त्यांच्यासाठी तीन तटांची वेगळी रणभूमी आहे आणि तेथे मेल्याने सामान जात नाही. भाचा म्हणाला, ‘ही तर विम्याची लढाई.’

तरीही अशा जगात ताण नसतो असे समजू नये. तो मोजपट्टीतून आत शिरतो. २०१५ पासून या खेळात दहा जणांच्या अवघड मोहिमा आल्या आणि कोण किती घाव घालतो हे दाखवणारी उपकरणे खेळाडूंनीच रुजवली, मग कमी आकडा असलेल्याला गटातून हळूच वगळले जाऊ लागले. १९९९ साली आलेल्या एव्हरक्वेस्ट या खेळातील गिल्डांनी, म्हणजे खेळाडूंच्या कायमच्या गटांनी, तर लूट कोणाला मिळावी यासाठी हजेरीचे गुण देणारी खातेवहीच निर्माण केली होती. आपल्या भिशीसारखीच ती पद्धत, आणि भिशीत होतात तशीच भांडणेही तीत झाली. सहकारी खेळाडू भांडत नाहीत असे नाही. ते वाटणीवरून भांडतात.

माइनक्राफ्टचे काय सांगावे! स्वतःचे खाजगी जग घेतले तर नियम आपले. फोनवर चालणाऱ्या आवृत्तीत आपसांतील मारामारी एका कळीने बंद करता येते, मेल्यावर सामान राहील अशी सोय करता येते, आणि भाड्याच्या खाजगी जगात मालकासह अकरा जण एकाच वेळी मावतात. मात्र पेटीला कुलूप नाही. जो विश्वास आहे तो घरातलाच, आणि तो मोडला तर भांडणही घरातलेच होते. आमच्या जुन्या जगात वहिनींच्या पेटीतील हिऱ्यांची कुदळ भाच्याने ‘उसनी’ नेली आणि लाव्ह्यात घालवली; त्यानंतर दोन दिवस त्याला चहा स्वतः करून घ्यावा लागला. लहान मुले असतील तर माझे मत निःसंशय याच बाजूने पडेल. ज्या भाच्याला अनोळखी प्रतिस्पर्धी हवे आहेत त्याच्यासाठी मात्र अशा खाजगी जगात काहीच नाही.

सोयीचे मुद्दे थोडक्यात आटोपतो. अल्बियन आणि ओल्ड स्कूल हे दोन्ही फोनवर आणि संगणकावर एकाच खात्याने चालतात, दोन्ही फुकट सुरू करता येतात आणि पुढे सदस्यत्व घ्यावेसे वाटतेच. अल्बियनचा आशियासाठी वेगळा सर्व्हर आहे, त्यामुळे इंदूरहून खेळताना लढाईत लॅगची, म्हणजे पडद्यावर प्रतिसाद उशिरा येण्याची, कुरकुर कमी होते. गिल्ड वॉर्स २ ला बऱ्यापैकी संगणक लागतो आणि त्याचे सर्व्हर अमेरिकेत व युरोपात आहेत. मूळ खेळ २०१५ पासून विनामूल्य आहे. माइनक्राफ्ट एकदा विकत घ्यावे लागते आणि खाजगी जगाचे भाडे महिन्याला वेगळे.

निर्णय घेताना कंपूतील सर्वांत तरबेज माणसाकडे पाहू नये. ज्याला सर्वांत कमी वेळ मिळतो त्याच्याकडे पाहावे. वहिनींना बँकेतून आल्यावर आठवड्याचे मोजून चार तास मिळतात आणि त्यातला एक तास लुटला गेला तर भाच्याच्या दहा तासांपेक्षा ते नुकसान मोठे आहे. या निकषावर सर्वांचे एकत्र जग म्हणून अल्बियन बाद होतो, जरी चौघांत सर्वांत सकस रचना त्याचीच आहे. गिल्ड वॉर्स २ पुण्याच्या दोघांच्या जुन्या संगणकांवर धड चालेना. आम्ही ओल्ड स्कूल रूनस्केप निवडले: चर सर्वांना दिसतो, तो ओलांडायचा की नाही हे प्रत्येकाने स्वतःचे सामान घेऊन ठरवायचे, आणि दुसऱ्याची वस्तू अंगावर असताना उत्तरेला जायचे नाही एवढा एकच घरचा नियम केला आहे. भाचा, त्याचा मित्र आणि देवासचा चुलतभाऊ शनिवारी रात्री अल्बियनच्या काळ्या इलाख्यात वेगळे जातात. त्यांना लागणारे झगे अजूनही लिमहर्स्टला वहिनीच शिवतात, पैसे आधी घेतात, आणि उधारी बंद आहे.