राजा की लाटसाहेब?

दोन्ही सत्तेचीच नावं, पण घरात शिरली ती वेगळ्या दारांनी. ‘ऊठ रे राजा, शाळेला उशीर होतोय,’ म्हणणारी आई दहा मिनिटांनी, पोरगं अजून लोळतच असेल तर, ‘कोण मोठा लाटसाहेब लागून गेलास?’ असं विचारते. ‘लाट’ म्हणजे इंग्रजांचा ‘लॉर्ड’. गव्हर्नरला लावायचा हा मान आपल्या तोंडी टोमण्यापुरता उरला. राजा मात्र थेट शेतात गेला: बैलजोडी सर्जा-राजा, शेतकरी बळीराजा. बलिप्रतिपदेला ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणत ओवाळतात, तेव्हा हा शब्द मला फार जवळचा वाटतो. पदरचं काढून देणाराही आपल्यासाठी ‘राजा माणूस’. ‘लाटसाहेब माणूस’ असं कौतुकानं कुणी म्हणत नाही.